सातवा दगडी पोरगा

पावावर सुरीच्या टोकाने क्रूस काढून झाला, पहिला तुकडा नेहमीप्रमाणे कुत्र्याला मिळाला, तरी जेवायला कोणी बसेना.

टेबलावर ताटांना जागाच नव्हती. लोरेयाचा नकाशा या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला होता. एका कोपऱ्यावर मिठाचे भांडे, दुसऱ्यावर वाइनची बाटली, तिसऱ्यावर बेन्यातच्या गाडीच्या किल्ल्या आणि चौथ्यावर आइताची, म्हणजे तिघा बास्क भावंडांच्या वडिलांची, काळ्या पुठ्ठ्याची वही. चुलीवर कोकराचा रस्सा आटत चालला होता. त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

कात्तालिन खिडकीशी उभी होती. काल संध्याकाळी एल्कोहून आल्यापासून ती एका जागी पाच मिनिटे बसली नव्हती. चाळीस वर्षे वर्गात उभे राहून शिकवल्यावर पायांना सवय होतेच, पण हे उभे राहणे वेगळे होते. बाहेर सकाळपासून वारा सुटला होता. जाळीचे दार आपटे, थांबे, पुन्हा आपटे. दूर कुठेतरी झुडपे पेटली होती आणि त्या धुराने दुपारचे ऊनही तांबूस दिसत होते.

"तेरा झरे सापडले," बेन्यात म्हणाला. "तेराच लिहा. चौदाव्याचा नाद सोडा."

"नाद?" गानिश म्हणाला. "नाद तू पत्त्यांचा कर रीनोत बसून. हा आमाचा झरा आहे. आइताने आईच्या नावाने ओळखला तो झरा."

"आईच्या नावाचा असो की पोपच्या. पाणी आहे का तिथे? लोरेया, आहे का?"

लोरेयाने नकाशावरच्या पूर्वेच्या धारेवर बोट ठेवले. ती गानिशची मुलगी, बत्तीस वर्षांची, ऑरेगॉनमध्ये जंगलखात्यात मोजणीदार. तीन आठवड्यांची रजा घेऊन ती आली होती. तिवई, दुर्बीण, साखळी आणि विमानातून काढलेले फोटो घेऊन तिने घराण्याचे सगळे कुरण पायाखाली घातले होते. प्रत्येक ओढा, प्रत्येक घळ, प्रत्येक झरा नकाशावर निळ्या शाईने आला होता. नाक उन्हाने सोलले होते आणि डोळ्यांखाली काळे झाले होते.

"वहीत लिहिलंय तसंच गेले मी," ती शेवटी म्हणाली. "खिंडीपासून धारेने पूर्वेकडे, मेंढपाळांनी खुणेला रचलेल्या सातव्या दगडी पोरग्यापर्यंत. तिथून उत्तरेला उतारावर दोनशे पावलं. दोन दिवस शोधलं. कोरडी घळ आहे. ओल नाही, वाळुंजाचं एक झाड नाही."

"तिथेच काढ," गानिश म्हणाला. "निळा ठिपका काढ आणि मोकळी हो."

"आइता," लोरेया आपल्या बापाला म्हणाली, "उद्या दहा वाजता पाणीखात्याची बाई येणार आहे. ती म्हणेल, दाखवा."

"म्हणेल तेव्हा बघू. मी तिथलं पाणी प्यायलोय. लहानपणी, या ओंजळीने."

बेन्यात हसला. "तू तर काय, समुद्रही प्यायला असशील."

गानिशने टेबलावर हात आपटला. मिठाचे भांडे हलले आणि नकाशाचा कोपरा गुंडाळत आत आला. कात्तालिनने पुढे होऊन तो पुन्हा पसरला. दोघांचीही नजर तिच्याकडे वळली. वळणारच होती. पाणीहक्काच्या कागदावर तिघा वारसांच्या सह्या लागत होत्या, आणि प्रत्येक सहीच्या वर एक ओळ छापलेली होती: 'हे पाणी मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे.'

नियम सोपा होता. ज्याने आधी जनावरे पाजली त्याचा हक्क आधी. पण झरा नकाशावर नेमक्या जागी दाखवावा लागे, आणि मुदत उद्याची होती. पूर्वेकडच्या डोंगरावर जे पाणी कुणाच्या नावावर नाही ते आपल्याला मिळावे, असा शेजारच्या व्हिटकॉम्बचा अर्ज कचेरीत कधीच पडला होता. चौदावा झरा गेला तर उन्हाळी कुरण गेले. मेंढी गवतावर जगते खरी, पण पाण्यापासून किती लांब चरणार? उन्हाळी कुरण गेले की नऊशे मेंढ्या विकाव्या लागणार. आणि मेंढ्या विकल्यावर गानिश एलिझागोयेन म्हणजे कोण, हे गानिशला स्वतःलाही सांगता आले नसते.

"तू सांग, कात्तालिन," बेन्यात गोड आवाजात म्हणाला. "तू शिक्षिका. न पाहिलेल्या गोष्टीखाली सही करायची का? एक झरा खोटा निघाला की ती बाई बाकीचे तेरा पण तपासत बसेल. आणि तेरा पक्के असतील तर आज या जागेला गिऱ्हाईक आहे. पुढच्या वर्षी असाच दुष्काळ राहिला तर फुकट पण कोणी घेणार नाही."

"आलं," गानिश म्हणाला. "गिऱ्हाईक आलं. मी वाटच बघत होतो, तोंडात कधी येतंय याची."

"मी लपवलंय कुठे? सत्तर वर्षांचा झालास. कंबर गेली. घोड्यावर चढता येत नाही तुला."

"आणि तुला उतरता कधी येत होतं? पडायचास."

यावर कात्तालिनला हसू आले, कारण ते खरे होते. लोरेयाही हसली. क्षणभर घरात वारा पडल्यासारखे वाटले. मग दार पुन्हा आपटले.

कात्तालिनने वही उचलली. आइताचे अक्षर मोठे आणि वाकडे; तो लिहायला शिकला तो या देशात, मेंढ्यांमागे, एकट्याने. चौदाव्या पाण्यापुढे त्याने लिहिले होते: 'खिंड. सातवा पोरगा. उत्तर. दोनशे. बादली तीन प्रार्थनांत.' बस, एवढेच. घड्याळ त्याच्याकडे नव्हते. 'आमच्या पित्या' ही प्रार्थना म्हणता म्हणता बादली किती वेळात भरते, हे त्याचे माप. प्रत्येक पाण्यापुढे तसा आकडा होता. तेरा पाण्यांवर लोरेयाने घड्याळ लावून ते मापही तपासले होते.

"लोरेया," ती म्हणाली, "सातव्या पोरग्यापाशी उभी राहिलीस, तेव्हा तुला काय दिसलं?"

"काय दिसणार तान्ता?" लोरेया आत्याला तान्ता म्हणे. "दगड."

"दगड सोडून. लांबचं."

लोरेयाने डोळे मिटले. ही तिची लहानपणची खोड. शाळेतही फळ्यावरचे आठवायचे झाले की मिटायची. "दक्षिणेला मिठाचं तळं. पांढरं."

"आणि घराचं छप्पर?"

"नाही. मध्ये सोंड येते डोंगराची."

कात्तालिनने वही मिटली. मिटताना बोट आतच राहिले.

"मग तो सातवा नव्हे."

"म्हणजे?" दोघे भाऊ एकदम म्हणाले. दिवसभरात दोघांचे पहिल्यांदाच एकमत झाले होते.

"आइता आणि मी तिथे भाकर खायला बसायचो. एका बाजूला तळं आणि एका बाजूला छप्पर. तो म्हणायचा, मीठ पण दिसतं आणि आई पण दिसते, आता जेवायला हरकत नाही."

गानिश तिच्याकडे बघत राहिला. ती नजर कात्तालिनला ओळखीची होती, पण वर्गातली. दुसऱ्याच्या डब्यात काय आहे ते कळल्यावर पोर असे बघते.

"तू किती वर्षांची होतीस?" त्याने विचारले.

"अकरा. शेवटचं गेले ते पस्तीस साली."

"पस्तीस साली मी सतरा वर्षांचा होतो," गानिश म्हणाला. "खालच्या कुरणात होतो. सबंध उन्हाळा. एकटा."

"लोरेया सात मोजते आणि चुकते, असं कसं होईल?" बेन्यात म्हणाला. "सात म्हणजे सात. ती पोरगी नकाशे काढून पोट भरते."

"मी दोनदा मोजले," लोरेया म्हणाली. "दोनदा, तान्ता."

"तू नीटच मोजलेस, बाळ," कात्तालिन म्हणाली. "मोजणी चुकलेली नाही. आपण काय मोजतोय ते बघायला हवं."

*

एलेउतेरियोचा ट्रक दोन वाजता अंगणात आला. दर दुसऱ्या रविवारी तो डोंगरावरून उतरे आणि पाव, बटाटे, कॉफी नि बॅटरीचे सेल घेऊन परत जाई. पेरूच्या डोंगरांतून तो एकाहत्तर साली आला, इथल्या म्हाताऱ्या मेंढपाळाच्या, शाल्बातच्या, हाताखाली. शाल्बात गेल्यापासून वरचा कळप त्याच्या एकट्याच्या भरवशावर होता. तो दारातच टोपी काढून उभा राहिला आणि आतला नकाशा बघून पाऊल मागे घेऊ लागला.

"ये, ये," कात्तालिन म्हणाली. "कॉफी घे. बस."

"बूट धुळीचे आहेत, माएस्त्रा."

"आमचे काय चांदीचे आहेत? बस."

तो बसला. या घरात त्याला माएस्त्रा, म्हणजे मास्तरीणबाईच, तेवढी बस म्हणायची. बाकीच्यांशी बोलणे उभ्याने होई.

कात्तालिनने कॉफी दिली, पाव दिला, आणि घाई न करता विचारले, "एलेउतेरियो, वर धारेवर दगडी पोरं आहेत ना? खिंडीपासून पूर्वेकडे. किती आहेत?"

"तुमची की सगळी?"

लोरेयाने नकाशावरून मान वर केली.

"आमची म्हणजे?"

"तुमच्या लोकांची. बास्क लोकांची. एकावर एक, एकावर एक, माणसासारखी." त्याने हाताने मान, खांदे दाखवले. "ती अकरा आहेत. बरीच पडली आहेत आता. आणि तीन माझी."

"तुझी?" लोरेया उठून उभी राहिली.

एलेउतेरियो घाबरला. "मना होती का? डॉन गानिश, मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे घाट ओलांडला की डोंगराला एक दगड द्यायचा. खालून हातात आणायचा आणि वर ठेवायचा. थकवा तिथे ठेवून पुढे जायचं. मी तीन ठिकाणी ओलांडतो. सतरा वर्षं झाली. त्यामुळे वाढले."

"कुठल्या तीन ठिकाणी?" लोरेयाने पेन्सिल त्याच्या हातात दिली. त्याने ती खाली ठेवली आणि नखाने नकाशावर तीन जागा दाखवल्या. तिन्ही धारेच्या खिंडीकडच्या अंगाला, लोरेयाच्या पहिल्या सात खुणांत होत्या.

"म्हणजे माझा सातवा हा खरा चौथा," लोरेया हळूच म्हणाली. "आणि खरा सातवा म्हणजे माझा दहावा." ती मटकन बसली. "पडलेलं पोर आणि रचलेला ढीग, दोन्ही सारखेच दिसतात. मी विचारलं असतं तर—"

"कुणाला विचारणार? मेंढपाळाला?" बेन्यात म्हणाला. त्यात टोमणा होता, पण तो नेमका कुणाला, ते त्याचे त्यालाही ठाऊक नसावे.

कात्तालिनचे लक्ष एलेउतेरियोच्या हातांकडे होते. कॉफीचा पेला त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. उत्तर येत असून हात वर न करणारी मुले तिने पुष्कळ पाहिली होती.

"वरचा कळप पाणी कुठे पितो, एलेउतेरियो?"

तो पेल्यात बघू लागला.

"मी विचारतोय असं समज," गानिश म्हणाला. "कुठे पितो?"

"डॉन गानिश, तुम्हाला ठाऊक आहे ना?"

गानिशने मिठाचे भांडे उचलून पुन्हा तिथेच ठेवले.

"शाल्बातने मला दाखवलं तेव्हा शब्द घेतला," एलेउतेरियो खाली बघत म्हणाला. "म्हणाला, हे पाणी थोरल्या मालकांनी मला दाखवलं, जिभेवर कुलूप घालून. तूही कुणाला सांगायचं नाही. मालकाने विचारलं तरी नाही; ज्याचं आहे त्याला ते ठाऊक असेलच. विचारतो म्हणजे त्याचं नाही."

बेन्यातने शीळ घातली. "वा. म्हणजे आपलाच झरा, आपल्याच पगारी माणसाला ठाऊक, आणि त्याने आपल्यालाच सांगायचा नाही."

"आइता तसाच होता," कात्तालिन म्हणाली. "माझ्याकडूनही शब्द घेतला होता. वाऱ्यालासुद्धा सांगायचं नाही. त्या वेळी प्रत्येक झऱ्यावर तीन-तीन कळप टपून असायचे."

"तुला दाखवला," गानिश म्हणाला. "शाल्बातला दाखवला. शाल्बातने याला." तो उठला, काठी शोधू लागला, ती त्याच्या खुर्चीलाच टेकलेली होती. "मला सोडून सगळ्या गावाला दाखवला."

"तू तर म्हणालास, ओंजळीने प्यायलास," बेन्यात म्हणाला.

"बेन्यात," कात्तालिन म्हणाली. वर्गात ती एवढेच म्हणायची, फक्त नाव.

मग ती एलेउतेरियोसमोर बसली. सकाळपासून पहिल्यांदाच खुर्चीवर. "तू शब्द मोडू नकोस. मी सांगते, तू ऐक. सातव्यापाशी एका बाजूला मिठाचं तळं दिसतं आणि दुसऱ्या बाजूला या घराचं छप्पर. बरोबर?"

त्याने पेला खाली ठेवला.

"मी सांगणार नाही, माएस्त्रा. तुम्ही पुढे चाला. मी मागून येतो."

*

खिंडीपर्यंत ट्रक गेला. पुढे पायवाट होती, तीही मेंढ्यांची. वारा असा की बोललेला शब्द तोंडातून बाहेर पडला की लांबच जाऊन पडे. लोरेया पुढे, नकाशा आणि सह्यांचा कागद लावलेली फळी छातीशी धरून. तिच्यामागे कात्तालिन. गानिश काठी टेकत, दर वीस पावलांवर थांबत, 'थांबलो नाही, बघतोय' असे म्हणत. बेन्यात शहरी बुटांनी घसरत होता. सगळ्यांच्या मागे एलेउतेरियो, शब्द दिल्याप्रमाणे.

आपल्या पहिल्या जागेपाशी त्याने खिशातून दगड काढून आपल्या ढिगावर ठेवला. लोरेयाने नकाशावर तिथे पोकळ गोल काढला. मग खरी पोरे मोजत ते पुढे गेले. तिसऱ्याचे डोके पडले होते. पाचवा अजून ताठ उभा होता. वरचा सपाट दगड टोपीसारखा तिरका. दोन मेंढपाळांनी गमतीने रचलेला असावा. एकटेपणात माणूस काय करील सांगता येत नाही.

सातवा म्हणजे नुसता ढीग उरला होता. पण कात्तालिन त्याच्यावर चढली, दक्षिणेकडे बघितले, मग पश्चिमेकडे. खाली, धुरातून, पत्र्याचा एक तुकडा चमकला.

"मीठ," ती म्हणाली. आणि मग, "आई."

लोरेयाने नकाशावर तिथे भरीव गोल काढला.

उतारावर ती मोजत निघाली. आइताची दोनशे पावले तिची कधीच नव्हती. अकराव्या वर्षी त्याने तिला तिची स्वतःची मोजायला लावली होती: 'माझी पावलं माझ्याबरोबर जातील, तुझी तू ठेव.' तेव्हा तीनशे बारा झाली होती. आज गुडघे दुखत होते, खडी सरकत होती, झुडपांचा वास नाकात जात होता. तीनशे झाली. काही नाही. मागे बेन्यातने घसा खाकरला. तीनशे दहा. तीनशे वीस.

एका खडकाआड, चार पावले खाली, वाळुंज होते. अर्धे वाळलेले, अर्धे हिरवे. त्याखाली अर्धे पिंप, गंजून लाल. त्यात शिरणारी नळी, आणि भोवतालच्या चिखलात मेंढ्यांच्या खुरांचे ताजे ठसे.

गानिश पोचला तेव्हा बाकी सगळे गुडघ्यांवर होते. बेन्यात हातानेच चिखल उपसत होता, घड्याळ काढून ठेवायचेही विसरला होता. एलेउतेरियोने नळीत तार फिरवली. आधी तपकिरी पाणी आले, मग गढूळ, मग स्वच्छ. बोटाएवढी धार.

"बादली लाव," कात्तालिन म्हणाली.

लोरेयाने बादली लावली. कात्तालिनने प्रार्थना सुरू केली, आइता म्हणायचा त्याच चालीने, त्याच त्यांच्या जुन्या भाषेत. शेजारी एलेउतेरियोही पुटपुटू लागला.

"तू फार भरभर म्हणतोस," ती मध्येच म्हणाली. "तुझ्या हिशेबाने झरा आटेल."

तीन झाल्या तेव्हा बादलीचा तळ झाकला होता. सात. दहा. गानिशचे ओठही आता हलत होते. पंधरावी संपली तेव्हा पाणी काठावर आले.

"सहा मिनिटं," बेन्यात म्हणाला. त्याला घड्याळ आठवले होते.

"दिवसाला दोनशे चाळीस बादल्या," लोरेया म्हणाली. "मेंढीमागे कोकरू धरून एक बादली. दोनशे चाळीस मेंढ्या."

नऊशे आणि दोनशे चाळीस. ही वजाबाकी तिथे कुणीच मोठ्याने केली नाही.

"एलेउतेरियो," गानिश म्हणाला, "हे कधीपासून?"

"तीन वर्षं झाली, डॉन गानिश. मी शंभर-शंभर करून आणतो, रात्रीपर्यंत. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

गानिश खडकावर बसला. त्याने काठीचे टोक धारेखाली धरले. मग म्हणाला, "वहीत तीन प्रार्थना आहे. तीन लिही."

"आइता—" लोरेया म्हणाली.

"वही आइताची आहे. खोटी थोडीच आहे? पाऊस पडेल, पुन्हा तीन होईल. ती बाई काय इथवर येऊन प्रार्थना म्हणणार आहे?"

लोरेयाने कात्तालिनकडे बघितले. बेन्यातनेही. गानिशने बघितले नाही, पण त्याचा कान तिच्याकडे होता.

कात्तालिनने फळी मागून घेतली. वारा कागद उचलत होता. तिने त्यावर कोपर ठेवले. चौदाव्या पाण्यापुढे तिने आधी निळा ठिपका काढला, जिथे होता तिथेच. मग वहीतला आकडा लिहिला, 'तीन, आइताच्या वेळी'. आणि त्याखाली, 'पंधरा, आज'. मग सही केली.

"दोनशे चाळीसचा हक्क मिळेल फक्त," गानिश म्हणाला. "मला मारून टाकलंस."

"जेवढं आहे तेवढं तुझंच राहील," ती म्हणाली. "व्हिटकॉम्बचं होणार नाही. नसलेलं पाणी माझ्याने तुला देता येणार नाही, गानिश."

बेन्यातने फळी घेतली. चिखलाने माखलेल्या हाताने सही केली. अंगठ्याचा ठसाही उमटला. "माझं मत बदललेलं नाही," तो म्हणाला. "विकायला हवं. दोनशे चाळीस मेंढ्यांवर घर चालत नाही." मग त्याने ओंजळ धरली, पाणी प्यायला आणि तोंड पुसत म्हणाला, "गोड आहे पण."

फळी गानिशपुढे आली. त्याने पेन घेतले. छापलेल्या ओळीवर त्याचे बोट फिरले, शाळेत उशिरा घातलेल्या मुलाचे फिरते तसे.

"स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले," त्याने वाचले.

"पाहिलंस ना आता," बेन्यात म्हणाला. "कर सही. अंधार पडेल."

"पाहिलं. पण आलो कसा? हिच्या पाठीमागून, मान खाली घालून, काठी बघत. मला पुन्हा आणून सोडलं तर सापडणार नाही." त्याने पेन लोरेयाला परत दिले. काठी टेकली. उठायला दोनदा जोर लावावा लागला. तिसऱ्यांदा एलेउतेरियोने हात दिला, आणि त्याने तो घेतला. "कात्तालिन, वर चल. त्या पोरग्यापासून मला दाखव. पहिल्यापासून."

"तुझी कंबर—"

"कंबर माझी आहे."

चढायला त्यांना पाऊण तास लागला. खाली बाकीचे तिघे बादलीभोवती बसले होते, लहान, राखाडी. वरच्या ढिगापाशी वाऱ्याने गानिशची टोपी उडाली. त्याने ती जाऊ दिली. तळ्याकडे बघितले. मग घराकडे बघितले, बराच वेळ, धूर बाजूला होईपर्यंत.

"दोनशे ना?" त्याने विचारले.

दोनशे आइताची होती. गानिशची किती होतील, ते कात्तालिनला ठाऊक नव्हते. दोनशेंत पाणी येणार नाही, एवढे ठाऊक होते. ते तिने सांगितले नाही. फक्त त्याचा हात हातात धरला.

"तुझी तू मोज," ती म्हणाली.

"एक," गानिश म्हणाला.